दंडाला कफ बांधून बसलेला वाचक

ही एका वेबसाइटवरच्या एका पानाची हकिकत आहे. वेबसाइट घरी वापरायची वैद्यकीय उपकरणं विकणारी, पान बीपी मोजायच्या मशीनबद्दलचं. मला बोलावणं आलं ते एवढ्याच कामासाठी: ‘पान गूगलवर वर येत नाही, जरा नीट लिहून द्या.’ दोन आठवड्यांत देतो म्हणालो होतो. अडीच महिने लागले, आणि त्यातले प्रत्यक्ष लिहिण्यात गेले फार तर चार दिवस. बाकीचे दिवस कशात गेले, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आधीचं पान असं होतं. शीर्षक: ‘रक्तदाब म्हणजे काय? कारणे, लक्षणे, प्रकार, उपाय आणि मोजमाप: संपूर्ण माहिती’. खाली चोवीसशे शब्द. सुरुवात:

‘आजच्या धकाधकीच्या जीवनात रक्तदाब ही एक सामान्य समस्या बनली आहे. रक्तदाब म्हणजे काय, रक्तदाबाची कारणे कोणती आणि रक्तदाब कसा मोजावा, हे जाणून घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे. चला तर मग, या लेखात रक्तदाबाविषयी सविस्तर माहिती घेऊया.’

तीन वाक्यांत ‘रक्तदाब’ पाच वेळा, आणि हाती काही नाही. त्यानंतर इतिहास: इटलीच्या रिव्हा-रोची यांनी 1896 मध्ये दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा, म्हणजे कफ, आणला, रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा आणि खालचा आकडा ठरवायची पद्धत दिली. मग कारणं, मग लक्षणं, मग आहार, मग ताणतणाव. मशीन हा शब्द पहिल्यांदा दिसेपर्यंत फोनवर अंगठा दुखायला लागायचा. आणि अगदी तळाशी, ‘टीप’ या मथळ्याखाली, हे एक वाक्य: ‘मोजमापातील तफावत ही विविध शारीरिक व बाह्य घटकांवर अवलंबून असून मोजमाप योग्य स्थितीत करण्यात यावे.’

योग्य स्थिती म्हणजे कोणती, हे चोवीसशे शब्दांत कुठेच नव्हतं.

पान असं झालं कसं

ज्याने हे लिहिलं त्याला दोष द्यायचं कारण नाही. त्याच्या हातात वेबसाइटसाठी मजकूर पुरवणाऱ्या एजन्सीने दिलेला एक कागद होता: किमान दोन हजार शब्द, मुख्य कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर टाइप करतात तो शब्द, वीस वेळा, आणि गूगलवर पहिल्या दहांत येणाऱ्या पानांचे सगळे मथळे आपल्याही पानात हवेत. त्याने सांगितलेलं इमानेइतबारे केलं. दहा पानांचं सार काढलं की अकरावं पान तयार होतं, आणि पुढचा कुणी त्या अकरांवरून बारावं काढतो. रिव्हा-रोचीसाहेब असे पानापानांवरून फिरत राहतात. मशीन विकत घेणाऱ्याने त्यांची कधी चौकशी केली असेल, असं मला वाटत नाही.

शब्दसंख्येचं खूळ कुठून आलं, देव जाणे. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की त्यांना अमुक इतके शब्द आवडतात, असं काही नाही. पानाच्या कोडमध्ये असणाऱ्या, वाचकाला न दिसणाऱ्या ‘मेटा कीवर्ड’ नावाच्या रकान्याकडे वेब शोधाचा क्रम लावताना आपण बघतच नाही, हे तर त्यांनी 2009 मध्येच जाहीर केलं होतं. या पानाच्या त्या रकान्यात चाळीसेक शब्द अजून इमानाने पहारा देत होते. थातूरमातूर मजकूर मागे ढकलणारा ‘पांडा’ हा बदल फेब्रुवारी 2011 चा. अमेरिकेतल्या सुमारे 12 टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला होता. ऑगस्ट 2022 मध्ये वाचकाच्या उपयोगी पडणाऱ्या मजकुराला पुढे आणणारी वेगळी यंत्रणा आली आणि मार्च 2024 मध्ये ती गूगलच्या मुख्य क्रमवारीतच मुरवली गेली. हे सगळं मी एजन्सीच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, ‘सर, ते बरोबर आहे, पण क्लायंट शब्द मोजून पैसे देतो.’ यावर मी काय बोलणार?

दहा ठिकाणचं एकत्र करण्यात एक खरी चूकही शिरली होती. एका परिच्छेदात 130/80 च्या पुढे उच्च रक्तदाब, चार परिच्छेद खाली 140/90 च्या पुढे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला अमेरिकेतल्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमधला, दुसरा युरोपातल्या. पण पानावर दोघांची ओळखच करून दिली नव्हती. 134 आकडा आलेल्या वाचकाला एकच पान वर आजारी आणि खाली ठणठणीत ठरवत होतं. एका ग्राहकाने तसं लिहून विचारलंही होतं: ‘नक्की कोणतं धरायचं?’ त्याला उत्तर गेलं होतं, ‘कृपया आमचा सविस्तर लेख वाचावा.’

हात कुठे होता?

ग्राहकांचे फोन आणि मेसेज घेणाऱ्या एक बाई त्या कंपनीत होत्या. मला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली, ती केवळ दुसरी रिकामी नव्हती म्हणून. पण या कामातला सगळ्यात उपयोगी योगायोग तोच. पहिल्याच दिवशी तासाभरात तीन वेळा कानावर पडलं: ‘बरं, हात कुठे होता?’

दुपारी विचारलं, ‘तुम्ही प्रत्येकाला हाताचं का विचारता?’

‘अहो, सगळे एकच सांगतात. आत्ता मोजला तर एकशे अठ्ठेचाळीस, दोन मिनिटांनी एकशे एकतीस, मशीन बिघडलंय, बदलून द्या. मग मी विचारते, हात कुठे होता? ते म्हणतात, हात? हात हाताच्या जागी होता.’

‘मग?’

‘मग टेबलावर ठेवायला लावते. पाय खाली टेकवा म्हणते. पाच मिनिटं गप्प बसा, मी फोन ठेवते, मग मोजा आणि मला सांगा. निम्मे लोक परत फोनच करत नाहीत.’

‘हे वेबसाइटवर आहे का, कधी पाहिलंत?’

‘मला कुणी दाखवलंच नाही.’

पानाची खरी लेखिका माझ्या शेजारी बसली होती आणि तिला पान असल्याचाही नीट पत्ता नव्हता. असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. लिहिणारा एका खोलीत, ज्याला विचारलं जातं तो दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या दारातून फक्त कीवर्डची यादी ये-जा करते.

पुढचे दोन दिवस मी जुने मेसेज वाचले. विषयवार लावायला घेतले होते, पण तसं काही हाती लागेना. ‘कफ’, ‘आकडा’, ‘बॅटरी’ असे ढीग झाले आणि त्यातून कुणाचा चेहरा दिसेना. मग माणूस कुठल्या क्षणी विचारतो आहे, त्यावरून लावले. विकत घेण्याआधी. डबा उघडून पहिल्यांदा बांधताना. आणि आकडा दिसल्यावर. तिसरा ढीग पहिल्या दोघांना मिळूनही मोठा होता. कुठल्या शोधात आपलं पान दिसलं ते सांगणारं गूगलचं साधन म्हणजे सर्च कन्सोल; त्यात हे पान दाखवलं गेलेले शोधही तेच सांगत होते: ‘बीपी मशीन दोनदा वेगळं दाखवतं’, ‘डाव्या हाताला जास्त येतो’, ‘डॉक्टरकडे कमी घरी जास्त’. लोक पूर्ण वाक्यांत, घाबरल्यासारखे शोधत होते. ‘रक्तदाब म्हणजे काय’ या शोधातही पान दिसायचं, पण फार खाली, आणि त्यावर कुणी येत नव्हतं. आलं असतं तरी काय फायदा? ज्याच्या घरात मशीन आहे त्याला रक्तदाब म्हणजे काय ते पुरेसं माहीत असतं. त्याला हवं असतं ते हे, की आत्ता समोर दिसणारा आकडा खरा की खोटा.

फोन खाली ठेवा

मी तिथेच लिहायला बसलो असतो तर एक बऱ्यापैकी पान झालं असतं आणि ते चुकीचं ठरलं असतं. ते टळलं ते पाच जणांमुळे. पाचच का, याला वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचे अभ्यासक याकोब नील्सन यांचं 2000 सालचं मत पुढे करता येतं: पाच माणसांना वापरताना पाहिलं की बहुतेक अडचणी उघड्या पडतात. खरं कारण असं की मला पाचच जण मिळाले.

प्रत्येकाला डब्यातलं मशीन दिलं, फोनवर जुनं पान उघडून दिलं आणि सांगितलं, ‘घरी असता तसा बीपी मोजा. अडलात तर पान बघा.’ मी कोपऱ्यात गप्प.

लोक पान वाचत नाहीत, चाळतात, हे अपेक्षित होतं. नील्सन यांच्याच 1997 च्या पाहणीत 79 टक्के लोक नव्या पानावर नजर फिरवणारे निघाले होते, शब्दन्‌शब्द वाचणारे फक्त 16 टक्के. पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. पहिल्या बाईंनी डाव्या दंडाला कफ बांधला, बटण दाबलं आणि कफ फुगत असताना, आता काय करायचं असतं ते बघायला, डाव्याच हातात फोन घेऊन उजव्या बोटाने पान खाली सरकवायला लागल्या. कोपर हवेत, मूठ आवळलेली, मान वाकलेली. आकडा आला 151. ‘बघा, जास्तच दाखवतं!’

पाचपैकी तिघांनी हेच केलं. त्यातला एक तर वाचलेलं मोठ्याने आम्हाला ऐकवत होता, आणि मोजताना बोलण्यानेही आकडा चढतो.

म्हणजे आमचं पान नुसतं निरुपयोगी नव्हतं. मोजमाप बिघडवण्यात त्याचा हातभार होता. वाचक नेमका त्याच दोन मिनिटांत पानावर येत होता ज्या दोन मिनिटांत त्याने काहीही वाचायला नको. कितीही सुंदर लिहिलं असतं, सोपं लिहिलं असतं, तरी तो ते कफ बांधलेल्या हातात फोन धरूनच वाचणार होता. तक्रारींच्या ढिगात हे दिसणं शक्य नव्हतं; आपण फोन कुठल्या हातात धरला होता, ते कुणी लिहून कळवत नाही.

नवं पान या एका दृश्याभोवती बांधलं. त्याचे दोन भाग झाले, मोजण्याआधी आणि मोजल्यानंतर, आणि मध्ये ठळक अक्षरात एकच ओळ:

‘आता फोन खाली ठेवा. आकडा आला की परत या.’

वेबसाइटवरचा मजकूर वाचकाला ‘निघा इथून’ म्हणतो आहे, हे मालकांच्या पचनी पडायला जरा वेळ लागला.

कोपर टेकवणे ही काय लिहायची गोष्ट आहे?

आहे. त्यावर एक अख्खा दिवस गेला.

जगातल्या सगळ्या माहितीपत्रकांत असतं तसं मीही पहिल्या खर्ड्यात लिहिलं, ‘हात हृदयाच्या पातळीवर ठेवा.’ दोघांना वाचायला दिलं. एकाने शपथ घेतल्यासारखा तळहात छातीवर ठेवला. दुसऱ्याने हात छातीच्या उंचीला समोर उचलून तसाच अधांतरी धरला. दोघांनीही सूचना अगदी तंतोतंत पाळली होती.

1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला एक प्रयोग मला अशा वेळी आठवतो. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायचा, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. ओळखली गेली 120 पैकी 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते; ऐकणाऱ्याला नुसती टकटक. ‘हृदयाच्या पातळीवर’ ही नुसती टकटक होती.

पुढचे खर्डे: ‘हात टेबलावर ठेवा’. यात टेबल फार बुटकं असलं तर हात खालीच राहतो. ‘दंड छातीच्या उंचीवर असू द्या’. यात पुन्हा हात उचलला गेला. शेवटी उरलं ते असं:

‘खुर्चीत पाठ टेकून बसा. पाय एकमेकांवर टाकू नका, दोन्ही तळवे जमिनीला टेकवा. हात टेबलावर सैल सोडा. कफचा मधला भाग छातीच्या मध्याच्या उंचीला आला पाहिजे. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. हात मांडीवर ठेवू नका, बाजूला लोंबता सोडू नका.’

याच्या खाली कारण दिलं, कारण विनाकारण सांगितलेली सूचना लोक एकदा पाळतात आणि विसरतात. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हात मांडीवर ठेवल्याने वरचा आकडा सरासरी 3.9 ने आणि बाजूला लोंबता सोडल्याने 6.5 ने जास्त आला होता. जुन्या पानावरच्या ‘विविध शारीरिक व बाह्य घटकां’मधला हा एक घटक. आकडा मिळाला की घटकाला वजन येतं.

बाकीच्या सूचना भराभर झाल्या: मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट आणि व्यायाम नाही, लघवीला जाऊन या, बाहीवरून बांधू नका, उघड्या दंडावर बांधा, पाच मिनिटं शांत बसा, मोजताना बोलू नका, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

शब्दांचा एक घोळ मात्र सांगायला हवा. जुन्या पानावर ‘प्रकुंचनीय दाब’ होता. डॉक्टरांना ‘सिस्टॉलिक’ हवं होतं. फोनवर प्रत्येक जण म्हणायचा ‘वरचा’ आणि ‘खालचा’. तपासण्यासाठी मी क्लोझ चाचणी वापरली. विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये काढलेली ही युक्ती साधी आहे: दर पाचवा शब्द खोडायचा आणि वाचणाऱ्याला रिकाम्या जागा भरायला सांगायचं. मराठीत ती जशीच्या तशी चालत नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटलेले, त्यामुळे एका खोडलेल्या शब्दाबरोबर अर्धं व्याकरण जातं. म्हणून गुण मोजले नाहीत, लोक कुठे थबकतात तेवढंच पाहिलं. ‘प्रकुंचनीय’च्या आसपास सगळेच थबकले. पानावर ‘वरचा आकडा’ राहिला, आणि मशीनच्या पडद्याचं चित्र देऊन त्यावर बाण काढला.

डॉक्टरांची लाल शाई

मजकूर एका डॉक्टरांनी तपासला. असं पान डॉक्टरांच्या नजरेखालून न जाता प्रसिद्ध करणं मला मान्य नाही. गूगल शोधाच्या निकालांचा दर्जा तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांना दिलेल्या सूचनांत आरोग्य आणि पैसा या विषयांना ‘युवर मनी ऑर युवर लाइफ’ (तुमचा पैसा किंवा तुमचा जीव) म्हणून वेगळं काढतं आणि तिथे कडक निकष लावायला सांगतं, हे खरं. पण गूगल नसतं तरी हे करावंच लागलं असतं.

माझं पहिलं वाक्य होतं, ‘मशीन बहुतेक वेळा ठीक असतं.’ मला ते फार आवडलं होतं. घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं. डॉक्टरांनी त्यावर आडवी रेघ मारली. ‘हे तुम्हाला काय माहीत? बाजारात तपासणी न झालेली कितीतरी मशीन आहेत. आणि मशीन विकणाऱ्यानेच ‘मशीन ठीक आहे’ म्हणणं बरं दिसतं का?’ मी दुखावलो, पण ते बरोबर होते. वाक्य झालं: ‘दोन वेळचे आकडे थोडे वेगळे येणं नेहमीचं आहे. मशीनला दोष देण्याआधी हे तपासा.’ आणि खाली, मशीनची अचूकता स्वतंत्रपणे तपासली गेली आहे का, हे कसं बघायचं त्याचा एक परिच्छेद. ‘स्ट्राइड बीपी’सारख्या याद्या त्यासाठीच असतात.

दुसरा वाद धोक्याच्या चौकटीवरून. डॉक्टरांचं म्हणणं, ती सगळ्यात वर हवी. माझं म्हणणं, पानावर येणारे बहुतेक लोक 140-150 वाले; त्यांना आल्या आल्या लाल चौकट दाखवली तर त्यांचा बीपी तिथेच वाढेल. बराच वेळ घोळ घालून मी माघार घेतली. शंभर जण जरा दचकले तर चालेल, एकाने पान खाली सरकवण्यात वेळ घालवला तर चालणार नाही. चौकट वर गेली, फक्त लाल नाही आणि मोजक्या ओळींची:

‘वरचा आकडा 180 च्या वर किंवा खालचा 120 च्या वर आहे, आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, हातापायात अचानक कमजोरी आली आहे, बोलणं जड झालंय किंवा नीट दिसत नाही? पुन्हा मोजत बसू नका. तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. यातलं काहीच होत नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा. आकडा तसाच आला तर लगेच डॉक्टरांशी बोला.’

130 की 140 हा गुंता तीन वाक्यांत मिटला: देशोदेशीच्या सूचना वेगळ्या आहेत, तुमची मर्यादा तुमचे डॉक्टर ठरवतील, त्यांच्यापर्यंत नीट मोजलेले आकडे न्यायला हे पान मदत करेल. पान मोजण्याबद्दल आहे, निदानाबद्दल नाही, हे एकदा ठरल्यावर आहार, ताणतणाव, कारणं, लक्षणं सगळं आपोआप गळून पडलं.

इतिहास कापताना मात्र मला वाईट वाटलं. कोरोत्कोव्हची गोष्ट मला मनापासून आवडते. गंमत म्हणजे तिचा एक तुकडा मागच्या दाराने परत आला. ‘डॉक्टरांकडे वेगळा का येतो’ या प्रश्नाच्या उत्तरात सांगावं लागलं की स्टेथोस्कोप लावून मोजणारा माणूस आवाज ऐकतो, तर घरचं मशीन कफमधल्या हवेच्या दाबात उठणारी कंपनं टिपून हिशेब करतं. शिवाय दवाखान्यात बसल्यावर कित्येकांचा बीपी नुसत्या धास्तीने चढलेला असतो. 1905 हे साल मात्र नाही आलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

कफचं माप आणि मालकांचा चेहरा

सगळ्यात अवघड बैठक झाली ती दोन ओळींवरून. कंपनी विकत होती त्या मशीनबरोबर एकच, मध्यम मापाचा कफ यायचा. दंड जाड असेल तर लहान कफ आकडा वाढवून दाखवतो, आणि तो थोडाथोडका नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना मोठा कफ हवा होता त्यांना मध्यम कफ लावल्यावर वरचा आकडा सरासरी 4.8 ने जास्त आला; ज्यांना अतिमोठा हवा होता त्यांच्यात तर 19.5 ने. म्हणजे ठणठणीत माणूस थेट गोळ्यांच्या रांगेत.

मी लिहिलं होतं: ‘आधी टेपने दंडाचा घेर मोजा. तो कफवर छापलेल्या मापात बसत नसेल तर हे मशीन या कफसह तुमच्यासाठी नाही.’

मालक म्हणाले, ‘हे वाचून लोक घेणारच नाहीत.’

‘काही जण नाही घेणार.’

‘आणि घेतलेले परत पाठवतील.’

इथे माझ्या मदतीला फोनवाल्या बाई आल्या. त्या बैठकीत होत्या, कारण आता मी त्यांना प्रत्येक बैठकीला बसवत होतो. ‘सर, ते आत्ताही परत पाठवतातच. फक्त ‘मशीन खराब’ लिहून पाठवतात.’

मालक गप्प झाले. ओळी राहिल्या. पुढे तीच सूचना विक्रीच्या पानावरही, खरेदीच्या बटणाच्या वर गेली आणि मोठा कफ वेगळा विकायला आला. वाचकाच्या भल्याचं ते धंद्याच्याही भल्याचं, असं दर वेळी होत नाही. इथे झालं, एवढंच.

किरकोळ कामं बरीच होती. याच विषयावरची आणखी सात-आठ पानं वेबसाइटवर पडून होती, थोड्याफार फरकाने तेच सांगणारी. ती मिटवून त्यांचे पत्ते 301 ने, म्हणजे ‘पान कायमचं हलवलं’ या वेबवरच्या खुणेने, नव्या पानाकडे वळवले, म्हणजे कुणी जपून ठेवलेली लिंक मेली नाही. ‘इथे क्लिक करा’ अशा सगळ्या लिंकांना नावं दिली, कारण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा माणूस नुसत्या लिंकांची यादी ऐकतो तेव्हा त्याला बारा वेळा ‘इथे क्लिक करा’ ऐकू येतं. आणि एक लबाडी काढली. पानावर ‘अद्ययावत’ म्हणून रोज आपोआप आजची तारीख पडत होती, मजकूर मात्र तीन वर्षांपूर्वीचा. त्या जागी मजकूर कुणी आणि कधी तपासला ते आलं. ती तारीख आता जुनी होत जाते, आणि जुनी दिसली की कुणालातरी टोचते.

मधल्या काळात एजन्सीने याच विषयावर एआयकडून लिहून घेतलेला एक खर्डा पाठवला. स्वच्छ होता, मुद्देसूद होता, त्यात हाताची सूचनाही होती: ‘हृदयाच्या पातळीवर’.

नंतर

नवं पान साधारण सातशे शब्दांचं झालं. गूगलवर ते आठवडाभर खाली गेलं, मग वर आलं, मग स्थिरावलं. त्याचं श्रेय पानाला किती आणि त्याच सुमाराच्या इतर उलाढालींना किती, हे कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याच्यापासून मी लांब राहीन.

महिन्याच्या अहवालात एजन्सीने एक ओळ तांबड्या रंगात पाठवली: पानावर घालवलेला सरासरी वेळ निम्म्याहून कमी झाला आहे. मालकांचा फोन आला, आवाजात काळजी. मी म्हणालो, ‘पान त्यांना फोन खाली ठेवायला सांगतं आणि ते ठेवतात.’ पलीकडून बराच वेळ काही आलं नाही, मग हसू आलं. तरी पुढच्या महिन्यात तीच ओळ पुन्हा तांबडी होती. अहवालाचा साचा कोण बदलणार?

मला हवं ते मोजमाप दुसरीकडे होतं. बाईंनी एका वहीत फोन टिपायला सुरुवात केली होती. फोन बंद झाले नाहीत. पण सुरुवात बदलली. आता लोक म्हणायला लागले, ‘पाच मिनिटं बसलो होतो, हात टेबलावर होता, दोनदा मोजला, दोन्ही लिहिले आहेत, तरीसुद्धा…’ त्या ‘तरीसुद्धा’च्या पुढे जे येतं ते खरोखर अवघड असतं.

परवा त्यांनी वहीतलं शेवटचं पान मला पाठवलं. चार ओळी होत्या, चारही वेगवेगळ्या माणसांच्या आणि एकाच गोष्टीच्या: आकड्याशेजारी हृदयाचं चिन्ह लुकलुकतं, ते काय? ठोके अनियमित वाटले की बरीच मशीन असं चिन्ह दाखवतात, आणि अशा ठोक्यांत आकड्यावर किती विसंबायचं हाही प्रश्नच असतो. खाली बाईंनी लिहिलं होतं: ‘याचं पानावर काहीच नाही. डॉक्टरांना वेळ कधी आहे?’